देव नाय, पलाट

बेबीकाकीला राग आला की ती आधी गॅस बंद करायची. मग पदराला हात पुसायची आणि मगच बाहेर यायची. गॅस बंद झाल्याचा आवाज काही येत नाही, पण भाजीचा चुरचुराट थांबला की ढाब्यावरची माणसं जेवता जेवता मान वर करायची. आज कोणाची पाळी, असं एकमेकांना नजरेनं विचारायची.

चौक गावात जुन्या हायवेवर तिचा ढाबा, त्याला लागून माझं मेडिकलचं दुकान. मधे फक्त एक पत्रा. त्या पत्र्यातून मी तिचा राग इतकी वर्षं ऐकला, की ती गप्प असली तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

बेबी हे तिचं खरंच नाव. आधारकार्डावरसुद्धा तेच. "बारशाला कोनाला नाव सुचलं नाय. सुईन म्हनली बेबी, त्येच चिकाटलं," ती सांगायची. साठी ओलांडलेली, रुंद हाडाची, कपाळावर हिरवं गोंदण, आणि आवाज असा की समोरच्या गॅरेजमधला माणूस पाना खाली ठेवून वळून बघायचा. नवरा लवकर गेला. ढाबा तिनं एकटीनं उभा केला. तांदळाची भाकरी, सुका जवळा, वालाचं बिरडं. एक्स्प्रेसवे झाल्यावर चौकचे निम्मे ढाबे बसले. काकीचा चालू राहिला, कारण ट्रकवाल्यांना तिच्या हातचं खायचं असायचं आणि तिच्या शिव्याही खायच्या असायच्या. तिची आवडती शिवी 'मुडद्या'. रागानं म्हणायची तेव्हा ती शिवी असायची. ताटात चौथी भाकरी टाकताना म्हणायची तेव्हा ती माया असायची.

"भूक आन राग दोनी ताजंच बरं," ती म्हणायची. "शिळं झालं की पोट बिगाडतं."

भाकऱ्या थापायला सोमी होती. डोंगराच्या पायथ्याला ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथून ती रोज चालत यायची. काकीपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बारीक, काटक, आणि सदा हसणारी. तिचाही नवरा गेलेला. मुलगा-सून पावसाळा संपला की घाटावर वीटभट्टीला जायचे. काकी तिला "सोमे" म्हणायची, सोमी तिला "बाय" म्हणायची. दोघींचं दिवसभर भांडण चालायचं. पण सोमीला दुसरं कोणी वावगं बोललं की गॅस बंद.

एका वर्षी वाडीच्या वाटेवर मुंबईच्या कुणा शेठनं फार्महाऊस बांधलं आणि वाटेत लोखंडी फाटक घालून कुलूप लावलं. वाडीच्या माणसांना ओढ्यातून वळसा पडायला लागला. सोमी उशिरा यायला लागली. काकीनं आधी तिलाच झापलं. मग कारण कळल्यावर गॅस बंद केला.

पुढच्या रविवारी ती परात, पीठ, लाकडं, तवा सगळं टेंपोत घालून त्या फाटकापाशी गेली. आत शेठचे पाहुणे जमलेले होते. काकीनं फाटकाला टेकून तीन दगडांची चूल मांडली. सोमी फाटकाच्या आत वाडीच्या बाजूला, काकी बाहेर. सोमीनं भाकरी थापायची आणि गजांमधून बाहेर द्यायची, काकीनं भाजायची. सगळा धूर बंगल्यात. तिनं ढाब्यावरच्या ट्रकवाल्यांना तिथंच जेवायला बोलावलं. हायवेच्या कडेला ट्रकची रांग लागली. शेठ बाहेर येऊन म्हणाला, "बाई, हे काय चालवलंय?"

"हिला हिकडं येता येत नाय, मंग ढाबाच तिकडं न्यावा लागला," काकी म्हणाली. "तुमी जेवनार का? बसा."

सोमवारी फाटकाला बाजूनं एक दार बसलं. त्याला आजवर कुलूप लागलेलं नाही.

माझ्याशी तिचं भांडण गोळ्यांवरून. तिला रक्तदाब होता, सोमीलाही होता. दोघींच्या गोळ्या काकीच न्यायची आणि प्रत्येक वेळी पाकिटावरचा भाव मला मोठ्यानं वाचायला लावायची. "एवढीशी गोळी! हिच्यात केशर घातलंय काय रं मेडिकल?" मला ती मेडिकल म्हणूनच हाक मारायची. सोमीला गोळी घ्यायची नसे. काही दुखत नाही तर औषध कशाला, असं तिचं म्हणणं. काकी गोळी तिच्या तोंडात घालायची. "गिळ. आता जीब दाव." सोमी जीभ दाखवायची आणि वर काकीला वेडावूनही दाखवायची.

काकीला झटका आला तो सकाळी. ढाबा नुकता उघडला होता. मला पत्र्यापलीकडून परात पडल्याचा आवाज आला आणि सोमीची हाक. जाऊन बघतो तर काकी ओट्याला टेकून बसलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला. ती बोलत होती, पण त्या आवाजांत एकही शब्द नव्हता. आणि आपण शब्द बोलत नाही आहोत हे तिला कळत होतं. तिचे डोळे मी विसरणार नाही. त्यांत भीती नव्हती, संताप होता.

माणसं जमली. कोणी म्हणालं कबुतराचं रक्त चोळा, कोणी लकव्याचं औषध देणाऱ्या बाबाचं गाव सांगितलं. वैशाली, म्हणजे काकीची सून, एका गिऱ्हाइकाला ढकलून पुढे आली. "मेडिकलभाऊ, काय करायचं ते तुमी सांगा. बाकी कोनी बोलू नका."

माझी गाडी दारात होती. मागच्या सीटवर वैशालीच्या मांडीवर काकीचं डोकं, पुढे काकीचा मुलगा विनोद. पनवेलच्या पलीकडं एक मोठं हॉस्पिटल आहे, तिथे मेंदूचे डॉक्टर असतात हे मला ठाऊक होतं. सरळ तिथे नेलं.

डॉक्टर तरुण होता. डोळे झोप नसल्यासारखे, पण बोलणं सरळ. मेंदूकडं जाणाऱ्या मोठ्या नळीत रक्ताची गुठळी अडकली आहे, तो म्हणाला. मांडीच्या शिरेतून बारीक तार वर न्यायची आणि ती गुठळी ओढून बाहेर काढायची. रक्त जितका वेळ अडेल तितका मेंदू मरत जातो.

"पन बरी होईल याची हमी?" विनोदनं विचारलं.

"हमी नाही. काही जण चालत घरी जातात, काही जण नाही. पण गुठळी तशीच ठेवली तर काय होईल, त्याची मात्र बऱ्यापैकी हमी आहे."

मग आम्हाला काउंटरवर पाठवलं. काचेपलीकडच्या माणसानं आकडा सांगितला. आधी एवढे भरा, बाकीचे नंतर. आकडा ऐकून विनोद काचेकडे बघतच राहिला. ढाब्यावर बसून तो माणूस कधीही कमावणार नाही असा तो आकडा होता. तेवढ्यात नाना मोटरसायकलवर पोचले. नाना म्हणजे काकीचे धाकटे दीर. त्यांनी विनोदला बाजूला घेतलं, पण आवाज काही खाली घेतला नाही.

"विनू, नीट इचार कर. साठीच्या फुडं गेलेली बाई. एवढं ओतून हमी नाय म्हनतोय डाक्टर. उद्या आई पन गेली आन पैसा पन, मंग पोरांना काय देशील?"

नाना वाईट माणूस नव्हे. ते जे बोलले ते त्या काउंटरपुढं उभ्या राहिलेल्या प्रत्येक घरात कोणीतरी बोलतंच. मला राग नानांचा येत नाही. ती काच ज्यानं बसवली, त्याचा येतो. आत माणसाचा मेंदू मरतो आहे आणि बाहेर त्याच्या पोराला आईचा भाव काढायला लावायचा. उत्तर आलं की मग बाईला आत घ्यायचं.

विनोदच्या नावावर रस्त्याला लागून थोडी जागा होती. काकी तिला 'पलाट' म्हणायची. काकीच्या नवऱ्यानं मरताना तेवढीच ठेवलेली. मुंबईचा एक जण त्या जागेसाठी कधीपासून मागं लागला होता, काकी त्याला चहा पाजून हाकलून द्यायची. वैशालीनं विनोदच्या खिशातून फोन काढला आणि त्या माणसाला लावला.

"जागा देतो. पैसे आत्ता पाठवा, आत्ताच्या आत्ता."

तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण वैशालीचा चेहरा दिसला. त्यानं भाव पाडला. हॉस्पिटलमधून फोन आलाय हे त्याला मागच्या आवाजांवरून कळलं असणार. तिनं डोळे मिटले. "द्या," ती म्हणाली. मग नानांकडे वळली. "सासू मेली तर मी भांडू कोनाशी? तुमच्याशी?"

पैसे फोनवर यायला, काउंटरला दिसायला, पावती फाटायला वेळ गेला. मग काकीला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं तिला सांगितलं, उजवा हात वर करा. काकीनं हात वर केला आणि तसाच पुढे नेऊन त्याचा हात आपल्या नाकातल्या नळीवरून बाजूला सारला. "मुडद्या," ती म्हणाली. डॉक्टर इतका हसला की नर्स बघायला आली. "बोलल्या! काकी, बोला अजून." पण पुढं काही आलंच नाही. ती तोंड उघडायची, जोर लावायची, आणि तोच एक शब्द यायचा. डॉक्टरनं वैशालीला समजावलं. शिव्या, अंक, देवाचं नाव असलं सवयीचं बोलणं कधीकधी शाबूत राहतं, बाकीचं परत शिकावं लागतं. पाय वाचला, हात वाचला, बोलणं थोडं गेलं. "अजून थोडं आधी आत घेता आलं असतं, तर..." असं म्हणून तो थांबला. त्यानं जिन्याकडं पाहिलं. जिन्याखाली काउंटर होता.

काकी घरी आली आणि माणसं बघायला यायला लागली. त्या दिवसांत मी माणसांबद्दल पुष्कळ शिकलो. जिला बोलता येत नाही तिला ऐकूही येत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिच्यासमोर बसून, तिच्याच घरचा चहा पीत, तिची किंमत काढायचे. एवढ्या पैशात दोन पोरींची लग्नं झाली असती. जागा गेली आणि वर बाई मुकी ती मुकीच. नानांनी एकदा बोटांवर हिशेब मांडला तेव्हा काकी भिंतीला धरून उठली, त्यांच्या हातातला कप काढून घेतला, उरलेला चहा मोरीत ओतला आणि दाराकडे बोट केलं. "मुडद्या!" पूर्ण आळीला ऐकू गेलं. नाना गेले. पायऱ्या उतरताना मला म्हणाले, "आवाज मातुर व्हता तसाच हाय." त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

तिला बोलायला शिकवलं सोमीनं. हॉस्पिटलनं त्यासाठी कोणाकडं तरी जायला सांगितलं होतं, पण दर खेपेचं भाडं आणि फी कोण देणार? सोमी भाकऱ्या थापता थापता एकेक वस्तू वर धरायची.

"बाय, ह्ये काय?"

"मु... मु..."

"मुडद्या नाय. परात. पऽरात."

"प... परात, मुडद्या!"

आणि सोमी खो-खो हसायची. परात, मीठ, तवा, पानी. मग माणसांची नावं. मला ती "मेडिकल" म्हणाली त्या दिवशी मी दुकानात येऊन बसलो आणि बराच वेळ कोणाला गोळ्याच देता आल्या नाहीत. हळूहळू दोन-दोन शब्द जुळायला लागले. ती पुन्हा ढाब्यावर उभी राहिली. गिऱ्हाइकांना मापात शिव्या मिळायला लागल्या, कारण तिच्याकडं शब्दच मोजके होते.

आणि मग सोमी पडली.

वाडीत, पाण्याचा हंडा उचलताना. डावा हात, डावा पाय, तोंडाची डावी बाजू. वाडीतल्या माणसांनी तिला झोळीत घालून खाली आणलं. बाजूच्या दारामुळं वळसा तरी वाचला. रस्त्यावर विनोदचा टेंपो उभा होता आणि पुढच्या सीटवर काकी आधीच बसलेली. ती हातानं डॅशबोर्ड बडवत होती. "चल! चल! चल!"

मी माझी गाडी घेऊन मागोमाग गेलो. काकीला तेव्हा सकाळी नेलं होतं, सोमीलाही सकाळीच नेलं. काकीला न्यायला जेवढा वेळ लागला त्याहून फार जास्त लागला नाही. हॉस्पिटल तेच. डॉक्टरही तोच. त्यानं तपासून, डोक्याचा फोटो काढून तेच सांगितलं. मोठ्या नळीत गुठळी, या बाजूची, काढता येईल, लवकर करा.

काउंटरही तोच.

आकडा तोच. विनोदकडं दुसरी जागा नव्हती. सरकारी योजनेचं कार्ड वैशालीनं शोधून आणलं होतं. काचेपलीकडचा माणूस म्हणाला, एका कागदावर सोमी आहे, दुसऱ्यावर सोमीबाई. मग म्हणाला, नाव जुळलं तरी आमच्याकडं या कार्डावर हे होत नाही. मग वर फोन केला. मग म्हणाला, दुसरीकडं न्या, तिथं होईल बहुतेक. माझ्याकडं होतं तेवढं मी पुढं केलं, त्यानं ते पाहिलंही नाही. डॉक्टर जिन्यात उभा राहून फोनवर कोणाशी तरी भांडत होता. "पेशंटला कधी आत घ्यायचं ते मी ठरवायचं ना?" त्याचा आवाज चढला, मग बसला. तो फोन खिशात घालून आमच्याकडं आला. मग मला कळलं की ते तो ठरवत नाही.

काकी काचेवर तळहात आपटत होती. सोमीनं शिकवलेले सगळे शब्द त्या वेळी तिला सोडून गेले. "काड! काड! मुडद्या! काड!" गुठळी काढा म्हणत होती ती. त्या माणसाला वाटलं, वेडी बाई आहे. सुरक्षारक्षकानं येऊन तिला दंडाला धरलं. सभ्यपणानं धरलं, हेही सांगायला हवं. तिथं सगळं सभ्यपणानंच चाललं होतं. कोणी आवाज चढवला नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त एका जिवंत बाईचा अर्धा मेंदू मरेपर्यंत तिला स्ट्रेचरवर ठेवलं.

तिथून मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथं पैसे मागितले नाहीत, गर्दीतून वाट काढून लगेच फोटोही काढला. पण वेळ गेली होती. तिथल्या डॉक्टरीण बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, आता गुठळी काढून उपयोग नाही, जे जायचं ते गेलंय. आधी कुठं होतात एवढा वेळ?

कुठं होतो? काचेपुढं होतो.

सोमीचं बोलणं शाबूत राहिलं. डावं अंग गेलं ते गेलं. मुलगा भट्टीवरून आला, रडला, पण भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असल्यानं त्याला परत जावं लागलं. वाडीतल्या झोपडीत तिला कूस बदलायला कोण? काकीनं एक दिवस टेंपो काढायला लावला आणि सोमीला ढाब्यामागच्या खोलीत आणून खाटेवर ठेवलं. नाना म्हणाले, घरात एक अर्धी होती, आता दोन अर्ध्या झाल्या. वैशाली भडकली, पण सासूवर. "जागा गेली, सासू मिळाली, सासूवर सोमी मिळाली! आन हगामुताचं करनार कोन? मीच!" आणि तिनंच केलं. रोज शिव्या देत केलं. सासूच्या हाताखाली राहून दुसरं काय शिकणार ती?

मी संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी सोमीला बघून यायचो. एकदा गेलो तर काकी तिला पेज भरवत होती. सोमीच्या तोंडाच्या कोपऱ्यातून पेज ओघळत होती आणि काकी पदरानं पुसत होती. सोमी तिच्या चालत्या पायांकडं बघत होती.

"बाय, तुला देवानं उठीवलं," ती म्हणाली. "माजा देव निजलेला."

काकीनं वाटी खाली ठेवली. शब्द शोधायला तिला वेळ लागायचा. हा शब्द शोधताना कपाळाची शीर वर आली.

"देव नाय," ती म्हणाली. "देव नाय, सोमे. पलाट."

सोमी मग अर्ध्या तोंडानं हसली.

"माज्याकडं पलाट नाय, बाय."

काकी उठून बाहेर गेली. ढाब्यावरची भाजी गॅसवर होती. ती गॅसपाशी नुसती उभी राहिली आणि भाजी करपली. तिला इतक्या वर्षांत भाजी करपवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर जो कोणी येऊन "देवाची कृपा, काकी, तुमी वाचलात" म्हणायचा, त्याला ती हेच तीन शब्द ऐकवायची. पुष्कळांना अर्थ लागायचा नाही. बिचारीचं डोकं अजून ठिकाणावर नाही, असं म्हणायचे. तिच्याइतकं ठिकाणावर डोकं त्या तालुक्यात दुसऱ्या कोणाचं नव्हतं. एकच आजार, एकच स्वयंपाकघर, एकच हॉस्पिटल. लहान होती ती खाटेवर, मोठी होती ती पायावर. यात देवाला मधे घालायचं म्हणजे देवावर नुसता आळ घेणं.

पावसाळा संपता संपता सोमी गेली. पाठीला जखमा झाल्या होत्या, मग छातीत कफ भरला. शेवटच्या दिवशी ती काकीला म्हणाली, "जीब दावू का?" आणि खरंच दाखवली. वाडीतल्या माणसांनी तिला वर वाडीत नेलं. काकी चालत गेली, सगळी वाट, कोणाचा हात न धरता. परत आली तेव्हा तिच्याजवळ जायची माझी हिंमत झाली नाही.

त्याच सुमारास हॉस्पिटलनं काकीला तपासणीला बोलावलं होतं. तिथं एका हसऱ्या माणसानं तिचा फोटो काढला, हात जोडून उभी असलेला. कागदांच्या गठ्ठ्यात आणखी एका कागदावर विनोदची सही घेतली. कोणी फार विचार केला नाही. हॉस्पिटलच्या कागदावर काकी 'बरी झालेली' होती. आणि सोमी? ती त्यांच्या कागदावर आलीच नाही, कारण तिला त्यांनी आत घेतलंच नाही. ज्याला आत घ्यायचं नाही तो मेला तरी हिशेबात धरायचा नाही. मग यश कमी कसं पडणार?

काही दिवसांनी चौकच्या नाक्यावर हॉस्पिटलचा एक मोठा फ्लेक्स लागला. सकाळी दुकान उघडायला आलो तेव्हा विनोदचा टेंपो त्या फ्लेक्सच्या खाली उभा होता. विनोद स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. काकी रस्त्यात उभी राहून वर बघत होती. वर तीच होती, माणसाच्या तिप्पट मोठी, हात जोडलेली, गोंदण पुसून गोरी केलेली. झटक्यानंतर तिला वाचता येत नव्हतं. वैशाली तिला वाचून दाखवत होती.

"वेळेत या, चालत घरी जा. बेबीताई वेळेत आल्या, आज स्वतःच्या पायांवर उभ्या आहेत."

"परत," काकी म्हणाली.

वैशालीनं परत वाचलं. वाचता वाचता तिचा आवाज फाटला.

"सोमी..." काकी म्हणाली. ती थांबली. तिच्या गळ्यातला शब्द वर येताना दिसत होता. "सोमी पन... वेळंत."

मग ती टेंपोच्या मागच्या फाळक्यावर चढली, तिथून टपावर. वैशालीनं खालून कोयता दिला. कोयता घरून आणलेला होता, म्हणजे काकीनं ठरवूनच टेंपो आणला होता. वैशालीला वाचायला लावलं ते फक्त खात्री करायला.

त्या दिवसानंतर मी तिला नीट बघितलंच नाही. महिनाभरातच ती झोपेत गेली. मी बाहेरगावी होतो, कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. इतकी भांडखोर बाई कोणाशीही न भांडता गेली, हे मला अजून खरं वाटत नाही. म्हणून माझ्यापुरती ती अजून त्या टपावरच उभी आहे. पदर खोचलेला, केस सुटलेले, उजव्या हातात कोयता. ज्या हातासाठी जागा गेली, तोच हात.

त्या सकाळी तिनं फ्लेक्समधून आपला चेहरा कापायला घेतला. गोल, हळूहळू, चेहऱ्याला धक्का न लावता. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबल्या. हॉर्न वाजायला लागले. नाक्यावरचा हवालदार पळत आला. तो काकीच्या ढाब्यावर रोज जेवणारा.

"काकी, खाली उतरा! दुसऱ्याची वस्तू हाय ती. केस होईल तुमच्या नावानं!"

काकीनं कापलेला चेहरा छातीशी धरला. हवालदाराकडं बघितलं. हा शब्द शोधायला तिला जराही वेळ लागला नाही.

"माजं," ती म्हणाली.

हवालदार वळला आणि गाड्यांना शिटी मारायला लागला.

काकीनं चेहऱ्याची घडी करून खाली वैशालीकडं दिली. मग पुन्हा फ्लेक्सकडं तोंड केलं. मोठमोठ्या अक्षरांवरून तिचा हात फिरला आणि थांबला. तिला अक्षर लागत नव्हतं.

"वेळंत..." ती म्हणाली. "कुटं?"

"डाव्या अंगाला, आई," वैशाली खालून ओरडली. "त्यो पयलाच शबुद."

काकीनं तिथं कोयता लावला.